डाळिंबवेलीचा दाखला

आदीच सांगून टाकतो, मी गप बसायचं ठरवलं होतं. नुसतं ठरवलं नव्हतं, पोरीला शब्द दिला होता. पुढं जे झालं ते ह्या तोंडामुळं झालं. बासष्ट वर्षं ह्या तोंडाला भाकरी घालतोय, खरं त्यानं कदी माझं ऐकलंय म्हणून आता ऐकंल?

मी गुरुलिंग. सोलापूरच्या साखर पेठेत सिद्धलिंगप्पा मालकांच्या हापिसात परदेशातनं येणाऱ्या मालाची कागदपत्रं बगतो. माझा जल्म काय कागदात गेलेला न्हाय. अक्कलकोट रोडला मालकांचा चादरीचा कारखाना होता, चोवीस मागांचा, आणि तितं मी डिझाईन मास्तर होतो. मास्तर म्हणजे काय, तर चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची आणि तिचे पुठ्ठे पंच करायचे. पुठ्ठ्याला जितं भोक पडलं तितला धागा माग उचलणार, जितं न्हाय तितला खाली ऱ्हाणार. एका नक्षीला तीनशे-चारशे पुठ्ठे, एकेक हातानं. आजकालची पोरं म्हणतात, हे सगळं कम्प्युटरवर एका दिवसात होतंय. होतंय की. आणि दिसतंय पण तसंच.

सहा वर्षांमागं कारखाना बंद पडला. माग, पुठ्ठ्यांसकट, दलालामार्फत परदेशात विकले गेले. मालकांनी धंदा फिरवला. जो माणूस चादरी विणून देशभर पाठवत होता तो आता भायरनं चादरी आणून देशभर पाठवायला लागला. मला म्हणले, "गुरुलिंगा, तुला कापड कळतंय, घरी बसून काय करतोस? ये हापिसात." गेलो. मिंधा झालो म्हणा की.

माझी पोरगी सिद्धेश्वरी आणि जावई नंदीश कुंभारीला ऱ्हातात. पत्र्याच्या शेडात त्यांचे चार माग हायत. मालक सूत देतात, हे दोगं चादरी विणून देतात, मजुरीवर घर चालतंय. पोरगी नववा महिना लागेस्तोवर मागावर उभी होती, इतकी खमकी. आता तिची लेक शाळेत जाती. शहरात काम देणाऱ्या बाकीच्यांचा धंदा एकेक करून बसला, आता त्या चार मागांना सूत देणारा एकच माणूस उरलाय, तो म्हणजे आमचा मालक. त्यानं हात आखडला की चार माग गप.

तर झालं असं की मालकांनी बांगलादेशातनं चादरींचे दोन कंटेनर मागवले. पयलीच खेप. असल्या मालाबरोबर ओरिजिनचा दाखला लागतो. म्हणजे, हा माल आमच्याच देशात बनलाय बरं का, असा तितल्या सरकारचा कागद. तो कागद खरा ठरला की हितं ड्यूटी माफ. खोटा ठरला की ड्यूटी भरा. ड्यूटी माफ झाली तर ती चादर कुंभारीच्या चादरीपेक्षा स्वस्त पडणार. भरावी लागली तर महाग. सगळा खेळ त्या एका कागदावर.

मालकांनी माझ्यापासून काय लपवलं न्हाय. चहा पाजत पाजत म्हणले, "गुरुलिंगा, तुझ्यापुढं कशाला फिरवून बोलू? ही खेप ड्यूटीबिगर सुटली तर कुंभारीचं काम मी बंद करणार. अडकली तर हाय ते चालू ठेवणार. धंदा हाय."

"बरं," म्हणलो. दुसरं काय म्हणणार?

माल न्हावा-शेवाच्या बंदरात उतरला आणि तितं घोडं अडलं. कस्टमला संशय आला. त्यांचं म्हणणं, ह्या चादरी चीनच्या हायत, बांगलादेशात आणून नुसतं लेबल बदललंय. ह्याच्याआदी असे प्रकार झाले असणार, त्याशिवाय कोण उगाच संशय घेतंय? आणि आता नियम असा हाय की नुसता दाखला दाखवून सुटका न्हाय. माल कुटं विणला, कुणी विणला, सूत कुटलं, हे माल आणणाऱ्यालाच पुराव्यानिशी सांगता आलं पायजे.

आमच्या कस्टम एजंटाकडं खालिद म्हणून एक जण हाय. मूळचा हितलाच, आता न्हावा-शेवाला ऱ्हातो. गुणी माणूस. तो कस्टमचं पत्र आणि खेपेतली एक चादर नमुना म्हणून घेऊन सोलापूरला आला.

"चाचा," मला म्हणला, "मिलवाल्याकडनं पुरावा मागितला तर त्यानं काय पाठवलंय बगा. लाइट बिल आणि गेटचा फोटो."

फोटोत गेट होतं आणि गेटपुढं एक बकरी होती. मी लई हसलो. मनात म्हणलो, बरं झालं. असला पुरावा दिला तर माल सुटायचा न्हाय, आणि माल न्हाय सुटला तर माझी पोरगी वाचली.

मग खालिदनं चादर उगडली.

माणूस स्वतःचं अक्षर वळखतो की न्हाय? तसं झालं. चादरीच्या काठावर डाळिंबाची वेल होती. पान, फांदी, डाळिंब, परत पान. डाळिंब जरा फुटलेलं, आत दाणे. ती वेल मी काढलेली. सांगोल्याला साडूच्या शेतात बसून डाळिंबं बगून बगून काढलेली. मालकांनी त्या नक्षीवर वीस वर्षं धंदा केला.

आता नक्षी कुणीबी चोरतंय, त्याचं काय न्हाय. मी चादर उलटी केली आणि डाव्या काठाचं तिसरं डाळिंब बगितलं. खालच्या ओळीत चार दाण्यांची जागा कोरी. अय्यो, माझ्या हातातनं चादर पडायची ऱ्हायली.

त्या चार दाण्यांचं सांगतो. पुठ्ठे पंच करत होतो त्या दिवशी फोरमनबरोबर माझं वाजलं. सगळ्यांपुढं मला म्हणला, मास्तर, तुमचा हात मंद झालाय. मंद? माझा? अंगाचा तिळपापड झाला. त्याला चार शिव्या हासडल्या आणि तसाच येऊन रागाच्या भरात पंच मारत सुटलो. एका पुठ्ठ्यावर लागोपाठ चार भोकं मारायची ऱ्हायली. पुठ्ठे ओवून मागावर चढले, चादरी बाजारात गेल्या, मग लक्षात आलं. मालकांनी विचारलं तर मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, "ती चूक न्हाय, ती डिझाईन हाय. फुटलेल्या डाळिंबातला दाणा पाखरू खातंय." मालक खूश झाले. वीस वर्षं मी ही थाप सगळ्यांना मारली. खरं काय ते माझं मला ठाऊक.

आणि आता ते चार दाणे बांगलादेशातनं आलेल्या चादरीत कमी.

खालिद पाणी प्यायला गेला तवा मी दाखला काढून बगितला. विकणारा ढाक्याचा कुणी व्यापारी होता, त्याचं नाव मला नवं. खरं खाली बारीक अक्षरात माल बनवणाऱ्या मिलचा पत्ता होता. तो पत्ता मी स्वतःच्या हातानं लिवला होता, सहा वर्षांमागं. आमचे चोवीस माग जवा विकले गेले तवा त्या मशिनींसाठी सुद्दा ओरिजिनचा दाखला काढावा लागला होता, की हे माग भारतातले हायत म्हणून. तवा कारखान्यात लिवता येणारा मीच उरलो होतो. मशिनींची यादी मी केली, पुठ्ठ्यांच्या जुड्यांची यादी मी केली, पोचवायचा पत्ता मी लिवला. मालकांना फकस्त दलाल ठाऊक. माल कुटं गेला ते त्यांनी कदी विचारलंच न्हाय.

म्हणजे बगा. दाखला खरा होता. चादर खरोखर तितंच विणलेली होती. आमच्याच मागावर, माझ्याच पुठ्ठ्यांनी, माझ्या चुकीसकट. आणि हे सिद्ध करू शकणारा आख्ख्या दुनियेत एकच माणूस होता. तो जर गप बसला तर ड्यूटी लागणार, आणि कुंभारीचे माग चालू ऱ्हाणार.

मी चादरीची घडी केली आणि खालिदला दिली. "चांगलं काम हाय," एवढंच म्हणलो.

दुसऱ्या दिवशी कुंभारीला गेलो. सिद्धी मागावर होती, मला बगून बंद केला. नंदीश बॉबिनी भरत होता. दोगांना बसवून सगळं सांगितलं. डाळिंबाचं सांगितलं, पत्त्याचं सांगितलं. चुकीचं मात्र सांगितलं न्हाय, नुसती खूण म्हणलो.

नंदीश म्हणला, "मामा, म्हणजे आमचं आता तुमच्या हातात हाय."

"हातात कशाला? तोंडात हाय," मी म्हणलो. "काय बोलायचंच न्हाय. संपलं."

सिद्धी माझ्याकडं बगत होती. आईच्या वळणाची नजर हाय तिची, आरपार जाणारी. म्हणली, "अप्पा, तुमाला गप बसायला जमंल?"

मला राग आला. "मी काय लहान हाय का? पोरीच्या पोटाचा प्रश्न हाय, एवढं कळत न्हाय मला?"

"तसं न्हाय. तुमी कामाबद्दल कुणी काय बोललं की ऐकून घेत न्हाय."

"शब्द देतो तुला," म्हणलो. तिनं मग भाकरी टाकली, शेंगाची चटणी वाढली. पोटभर जेवलो. नातीच्या वहीत मोर काढून दिला आणि संध्याकाळच्या बसनं आलो.

चार दिवसांनी कस्टमपुढं सुनावणी होती. मुंबईला जायचं काम न्हाय, सगळं व्हिडिओवर. सकाळी अकरा वाजता मालकांच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. मालक मदी, एका बाजूला खालिद, दुसऱ्या बाजूला मी. कापडातलं काय विचारलं तर सांगायला म्हणून मला बसवलं होतं. मी मनात घोकत होतो, ठाऊक न्हाय, ठाऊक न्हाय.

समोर एक मॅडम होत्या. मराठीच होत्या, बोलायला शांत. त्यांच्या टेबलावर आमची चादर पसरलेली दिसत होती. त्यांनी मालकांना विचारलं, सूत कुठलं? मालक खालिदकडं बगायला लागले. मिलमध्ये माग किती? मालक माझ्याकडं बगायला लागले. मी छताकडं बगितलं. मॅडमनी लाइट बिल बगितलं, बकरीचा फोटो बगितला आणि बाजूला ठेवला. माझं काम आपोआप होत होतं. आणखी पाच मिनिटं गेली असती तर सगळं संपलं होतं.

मग मॅडमनी चादर उचलली. म्हणल्या, "हे पाहा, त्या मिलमध्ये मागावर नक्षी विणायचं असलं जेकार्डचं काम होतं याचा एकही पुरावा तुम्ही दिलेला नाही. इतकी सफाई, इतकी एकसारखी वेल. हे चीनमधल्या मोठ्या कारखान्यात कम्प्युटरवर काढलेलं डिझाईन आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. याला माणसाचा हात लागलेलाच नाही."

काय सांगू तुमाला. कानशिलं तापली. सांगोल्याच्या उन्हात बसून मी ती वेल काढली. डोळ्यांचा नंबर वाढला माझा त्या चौकटी भरता भरता. आणि माणसाचा हात लागला न्हाय?

"काय म्हणला तुमी?" मी म्हणलो.

मालकांनी माझ्याकडं वळून बगितलं.

"माणसाचा हात लागला न्हाय म्हणता? मॅडम, ती चादर जरा उलटी करा. करा उलटी. डाव्या काठाचं तिसरं डाळिंब बगा. खालच्या ओळीतले दाणे मोजा."

मॅडमनी चष्मा वर केला. मोजले. "चार कमी आहेत. मग?"

"मग ते चार दाणे मी खाल्लेत!" मी वरडलो. "कम्प्युटर असली चूक करतो का? ही माझी चूक हाय! ह्या हाताची! भांडण करून येऊन पंच मारायला बसलो आणि चार भोकं ऱ्हायली. आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाय, ह्या मालकांना सुद्दा न्हाय. चीनचं डिझाईन म्हणे! चीनच्या बापाला तरी जमंल का असलं डाळिंब?"

मालकांचं तोंड उगडंच ऱ्हायलं. खालिद हसू दाबत होता. मला बोलता बोलताच पोरीचा चेहरा दिसला. आईशप्पथ, दिसला. खरं गाडी उताराला लागली होती, ब्रेक कुटनं लागणार?

मॅडम चिडल्या न्हाईत. म्हणल्या, "डिझाईन तुमचं असेल काका. पण चीनमध्ये कोणी तुमची चादर समोर ठेवून नक्कल केली नसेल, हे कशावरून?"

हितं देवानं मला सुटायला वाट दिली होती. नुसतं "तसं असंल मॅडम" म्हणलो असतो तरी भागलं असतं. सुनावणी तितंच संपली असती. खरं नक्कल हा शब्द आला आणि माझं डोकं परत फिरलं.

"नक्कल करणारा गडी दाणे भरून काढतो मॅडम. रिकामी जागा बगितली की त्याला वाटतंय नमुना फाटलाय. आणि प्रत्येक चादरीत, त्याच डाळिंबात, तेच चार? हे माझ्या पुठ्ठ्यांबिगर होत न्हाय. आणि माझे पुठ्ठे कुटं हायत ते मला ठाऊक हाय." उठलो, कपाटातनं सहा वर्षांमागची फायल काढली, धूळ झटकून कॅमेऱ्यापुढं धरली. मागांची यादी, पुठ्ठ्यांची यादी, त्यात 'डाळिंबवेल' असं माझ्या अक्षरात, आणि खाली मिलचा पत्ता. "जुळवा आता तुमच्या दाखल्याबरोबर."

मॅडमनी दाखला घेतला. वाचला. फायलीकडं बगितलं, परत वाचला. मग पयल्यांदाच हसल्या. "काम फार सुरेख आहे हो तुमचं," म्हणल्या. "तुमचा लेखी जबाब लागेल. हे डिझाईन कोणी केलं, कधी केलं, पुठ्ठे कुठं गेले. पूर्ण नावानिशी द्या. रेकॉर्डवर येईल सगळं."

पूर्ण नावानिशी. चाळीस वर्षं नक्ष्या काढल्या, एका चादरीवर माझं नाव न्हाय. कारखान्याचं नाव असायचं, मालकाच्या बापाचा फोटो असायचा. आणि आता सरकारच्या कागदावर येणार होतं की डाळिंबवेल गुरुलिंगची हाय.

लॅपटॉप बंद झाला. मालकांनी मला मिठी मारली. मिठी! "अरे गुरुलिंगा, सोन्यासारखा माणूस तू, इतके दिवस बोलला का न्हाईस?"

मी खुर्चीवर बसलो. खालिदनं तितंच बसून इंग्रजीत जबाब टाइप केला, कागद काढला, पेन दिलं. तवा सुद्दा वेळ गेलेली नव्हती. सही करत न्हाय म्हणलो असतो, छातीत दुखतंय म्हणून घरी गेलो असतो. मी कागद वाचला. 'मी, गुरुलिंग' असं वरच लिवलं होतं, पुढं बापाचं नाव, आडनाव, पुढं 'डिझाईन मास्तर'. तीन वेळा वाचलं. पोरीचा इचार आला न्हाय असं न्हाय. आला. आणि त्याच्यावर मी सही केली. ह्याच्यावर कुणी मला जोडा हाणला तरी मी गालच पुढं करीन.

त्या रविवारी कुंभारीला गेलो न्हाय. सिद्धीचा फोन आला, "अप्पा, काय झालं सुनावणीचं?" मी म्हणलो, "बगू, कस्टमचं काय सांगता येत न्हाय." तिनं फोन ठेवला. तिला माझा आवाज कळतो.

बारा दिवसांनी कस्टमची ऑर्डर आली. दाखला खरा, ड्यूटी माफ, माल सोडा. मालकांनी पेढे आणले. मी ऑर्डरची प्रिंट काढली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर घेऊन बसलो. सहा पानं. नियम, कलमं, तारखा. मी माझं नाव हुडकत होतो. चवथ्या पानावर तो भाग आला. इंग्रजीत होतं, मराठी असं होतंय की आयातदाराच्या एका कर्मचाऱ्यानं दिलेल्या माहितीवरून व जोडलेल्या कागदपत्रांवरून, सदर माल नमूद मिलमध्येच तयार झाल्याची खात्री पटते. एका कर्मचाऱ्यानं. परत पयल्यापासून वाचलं. डाळिंबसुद्दा कुटं न्हाय, 'विशिष्ट विणकाम दोष' एवढंच होतं.

खालिदला फोन केला. तो म्हणला, "चाचा, ऑर्डरमदी असंच लिवतात. तुमचा जबाब फायलीत हाय की, कुटं जातोय?"

फायलीत. ती फायल कोण उगडणार?

दुपारी मालकांनी बोलावलं. "गुरुलिंगा, पुढच्या महिन्यापासनं कुंभारीला सूत पाठवू नको. मागावर चढलेले सुताचे बीम हायत तेवढे संपवू दे त्यांना."

मी म्हणलो, "मालक, चार न्हाय तर निदान दोन माग तरी चालू ठेवा. माझी पोरगी हाय."

मालक वाईट माणूस न्हाय. त्यांनी डोळे खाली घातले. म्हणले, "तूच सरकारला पटवून दिलंस की, तितली चादर आणि आपली चादर एकच हाय. मग मी दोन ठिकाणी कशाला विणून घेऊ, सांग?"

काय सांगणार? जवा बोलायचं नव्हतं तवा धबधबा, आणि आता बोलायचं तर तोंडाला कुलूप.

तसाच कुंभारीला गेलो. ऊन रणरणत होतं. शेडाच्या भायर उभा राहून मागांचा आवाज ऐकला, चारी चालू होते. नंदीशनं बगितलं, आत बोलावलं. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. सुनावणीचं, वरडल्याचं, फायलीचं, सहीचं. ह्या वेळी काय लपवलं न्हाय, चार भोकांचं खरंसुद्दा सांगितलं. नंदीशनं एकेक करून माग बंद केले. मग भायर जाऊन उंबऱ्यावर बसला. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

सिद्धी तितंच उभी होती, हाताला सुताचं तूस लागलेलं.

"तुमी शब्द दिला होता, अप्पा."

"ती म्हणली माणसाचा हात लागला न्हाय," मी म्हणलो. "सिद्धे, माझ्या डाळिंबाला चीनचं म्हणली ती. मला सहन झालं न्हाय."

"म्हणू द्यायचं की. तिच्या म्हणण्यानं तुमचा हात झडला असता का?" ती वरडली न्हाय. वरडली असती तर मी पण वरडलो असतो. "मी आता कुटं जाऊ कामाला? कपडे शिवायच्या गारमेंटात? चाळिशीला आलेल्या बाईला कोण घेतंय तितं? ह्यांच्या कमरेच्या दुखण्याचं ठाऊक हाय तुमाला. पोरीची शाळा हाय."

"बगतो मी. मालकांशी बोलतो परत."

"नका बोलू," सिद्धी म्हणली. "आता कुणाशी काय बोलू नका."

मी कोपऱ्यातल्या पोत्यावर बसलो. रडू आलं. पोरीपुढं रडायची लाज वाटली म्हणून उपरण्यानं तोंड झाकून घेतलं, तरी हुंदका फुटला. तिनं घागरीतनं पाणी आणून दिलं. एवढं करून सुद्दा पाणी आणून दिलं मला. मी घटाघटा प्यालो. ती बाजूला बसली.

मग तिनं विचारलं. टोमणा न्हाय, खरंच विचारलं. "जाऊ दे आता. तुमचं नाव तरी आलं का त्या कागदात?"

मी तिच्याकडं बगितलं.

"आलं की," म्हणलो. "पूर्ण नाव आलंय. डिझाईन मास्तर म्हणून."

"बरं झालं," ती म्हणली. उठली, पदर खोचला आणि माग चालू केला. बीमवर अजून आठ दिवसांचं सूत होतं.